मेंढरं खातात तीच झाडं

बीदर जिल्ह्यात वनमहोत्सवातलं झाड जगलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही, आणि माझ्या थोरल्या मेव्हणीनं लावलेलं झाड मेलेलं कुणी ऐकलेलं नाही. कारण साधं आहे. मेव्हणीबाई झाडं भिंतीवर लावत आणि ती लोकरीची असत. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्याला लागून त्यांचं घर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घराणं, त्यामुळे लोकर घरचीच. ती पिंजायची, चटईवर थर देऊन पसरायची, वर साबणाचं कढत पाणी शिंपडायचं, चटई गुंडाळून बांधायची आणि पायांनी तुडवत राहायचं. तुडवून तुडवून लोकर एकजीव झाली की जाड बुरणूस तयार होतो. अक्कांच्या सासऱ्यांच्या काळात तो अंथरायला जाई. अक्कांनी त्याला कातर लावली आणि त्यातून पानं काढली.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते गावात केबल आली त्या सुमारास. घरोघरी टीव्ही आला आणि टीव्हीच्या मागोमाग प्लास्टिकची फुलं आली. शेजारणीनं टीव्हीभोवती गुलाबाचा वेल सोडला आणि अक्कांना मुद्दाम चहाला बोलावलं. अक्कांनी चहा घेतला, वेल हातानं चाचपून पाहिला आणि विचारलं, हे खातंय कोण? शेजारीण म्हणाली, शोभेचं आहे, खाणार कोण? बस्स, तिथंच ठिणगी पडली. अक्कांच्या लेखी झाडाची लायकी एकाच गोष्टीवर ठरे, मेंढरू त्याला तोंड लावतं की नाही. त्यामुळे त्यांच्या भिंतीवर गुलाब, कमळ, मोगरा यांना मज्जाव होता. तिथं तूर होती, हरभरा होता, बाभळीच्या शेंगा होत्या, बांधावरची हरळी होती. मी एकदा भीत भीत जास्वंद सुचवून पाहिली. अक्कांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी ताटातली हरभऱ्याची भाजी लगेच दुसऱ्यांदा मागून घेतली.

बरं, झाड तरी अख्खं करावं? तेही नाही. पानं नीट कातरून, शिवून, डहाळीवर बसवून झाली की अक्का कातर घेऊन त्यांच्या कडा जागोजाग कुरतडत. अर्धं पान गायब, शेंगेचा शेंडा गायब. उंदीर लागलाय का, असं पाहुणे हमखास विचारत. "अर्धं खाल्लेलं असलं की चवीचं हाय म्हणून कळतंय, पाव्हणं," असं त्यांनी मला समजावलं होतं. त्यात आमच्याकडची मेंढरं काळी. त्यामुळे तूर काळी, हरभरा काळा, एखाद्या तपकिरी मेंढराची कृपा झाली तर हरळी तपकिरी. मागचा बुरणूस तेवढा मळकट पांढरा. हिरवा रंग आणून देतो म्हटलं तर उत्तर तयार होतं, "मेंढरू हिरवं असतंय का कुठं?" वीज पडून गेलेल्या शेतासारखं ते सगळं दिसे, आणि अक्का लांब उभ्या राहून तृप्त मनानं त्याकडं बघत.

तुडवायला माणसं लागत, आणि अक्कांकडं आलेल्या माणसाची त्यातून सुटका नसे. मी विजार दुमडूनच त्यांचा उंबरा ओलांडत असे. पाण्याचा तांब्या नंतर, आधी गुंडाळी तुडवायची. एकदा पंचायतीच्या निवडणुकीला उभा असलेला एक उमेदवार हात जोडून दारात आला. अक्कांनी त्याला आत घेतलं, चपला काढायला लावल्या आणि चटईवर चढवलं. मतांच्या आशेनं बिचारा धोतर सावरत घामाघूम होईपर्यंत नाचला. माणसं खिडकीतून बघायला लागली. तो गेल्यावर अक्कांनी गुंडाळी सोडली, बुरणूस चिमटीत धरून ओढला आणि थर सुटलेला पाहून मान हलवली. ह्याचे पाय हलके आहेत, हा पडणार, असं त्यांनी सांगून टाकलं. तो पडला. त्यानंतर गावातल्या उमेदवारांनी त्यांच्या घरावरून जायचं सोडून दिलं.

पानं ताठ राहावीत म्हणून अक्का त्यांना चिंचोक्याची खळ पाजत. घोंगडीला पाजतात तीच. ऊन असेतो पानं अशी कडक की बोट कापावं. पण पावसाळी हवेत खळ सैल पडे आणि सगळी बाग मान टाकी. म्हणजे बाहेर रान हिरवंगार होई तेव्हा अक्कांच्या भिंतीवर दुष्काळ, आणि बाहेर भेगा पडत तेव्हा इथं सुगी. बीदरला आमच्या कचेरीतल्या साहेबांना मी निरोपाची भेट म्हणून अक्कांची तूर दिली होती. आषाढात त्यांचा फोन आला, झाड सुकलंय. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, मी रोज पाणी घालतोय. अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. पण पुढची दोन वर्षं माणसं ओळखायची झाली की अक्का त्या साहेबाचं उदाहरण देत.

मग अक्कांच्या लेकानं पुण्यात फ्लॅट घेतला. इंजिनिअर होऊन तो तिकडचाच झाला होता. लहानपणी मात्र शाळा सुटली की मेंढरांमागं असे. इकडं चरायची रानं प्लॉट पडून गेली होती, माझे साडू गुडघ्यांनी थकले होते, राखणारं कुणी उरलं नव्हतं. त्याच उन्हाळ्यात कळप विकला. विकण्याआधी अक्कांनी शेवटची कातरण करून घेतली आणि त्या लोकरीच्या झाडांची एक मोठी चौकट करायला बसल्या. ती लेकाच्या हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर लागावी, एवढंच त्यांना हवं होतं. तसं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त माझ्या बायकोला वीस वेळा सांगितलं.

वास्तुशांत श्रावणात होती. चौकट उशाला घेऊन अक्का, मी आणि माझी बायको पुण्याला पोचलो. साडू गुडघ्यांमुळे घरीच राहिले. समोरच्या भिंतीवर टीव्ही बसलेला होता, भिंतीएवढा. सूनबाई सोलापूरकडची, गोड मुलगी. तिनं चौकटीला हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले, फार छान आहे म्हणाली, आणि जपून ठेवते म्हणत ती आतल्या खोलीच्या दाराआड नेली. लेकानं टीव्हीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि पूजेचे नारळ मोजायला निघून गेला. अक्का हसून म्हणाल्या, हाय तिथं बरं हाय. त्या रात्री जेवताना त्यांनी भात परत घेतला नाही, आणि अक्का भात परत न घेता उठल्या असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पूजा पार पडली आणि पावसाची झड लागली. खिडक्या बंद. दुसऱ्या दिवशी घरात कसलासा वास येऊ लागला. सूनबाईला वाटलं, गटार तुंबलं. फिनेल झालं, उदबत्त्या झाल्या, प्लंबर येऊन मोरीची जाळी उचकटून गेला. वास वाढतच होता. अक्का सगळ्यांबरोबर खोलीखोलीत फिरून हुंगत होत्या, कपाटाखाली वाकून बघत होत्या, प्लंबरला सूचनाही देत होत्या. मला शंका आली. मी त्यांना गॅलरीत गाठून विचारलं, लोकर धुतली होती ना?

"कामून धुवायची येवढी?" त्या हळूच म्हणाल्या. "गप ऱ्हावा जरा."

संध्याकाळी लेक कामावरून आला. दार उघडलं, एक बूट काढला आणि दुसरा पायात तसाच ठेवून उभा राहिला. सूनबाई घाईघाईनं सांगायला लागली, उद्या दुसरा प्लंबर येणार आहे. त्याचं लक्ष नव्हतं.

"माय," तो म्हणाला, "मेंढरं कुठून आली?"

तो तसाच एका बुटानं आत गेला, दाराआडून चौकट काढून हॉलमध्ये आणली आणि जमिनीवर बसला. पावसाळी हवेनं झाडं मान टाकून होती. त्यानं एका तुरीला नाक लावलं. पुण्यात गेल्यापासून सुटलेली त्याची बोली परत तोंडात आली. "ही आपली बोडकी मेंढी हाय न्हवं?"

"बोडकीची लेक," अक्का म्हणाल्या. "एका झाडाला एकच मेंढरू. मिसळली न्हाई मी लोकर."

तो एकेका झाडाला नाक लावत गेला. काही ओळखली, काही चुकला, अक्का चुका सुधारत गेल्या. सूनबाई बराच वेळ उभीच होती. मग तीही खाली बसली, हरभऱ्याला नाक लावून शिंकली, आणि ही कोण म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी प्लंबरऐवजी टीव्ही उतरवणारा माणूस आला. अक्कांनी भात तीनदा घेतला.

त्यानंतर दर पावसाळ्यात पुण्याहून फोन येई, माय, वास सुटलाय. अक्का हातातलं काम टाकून ऐकत, कुणाचा जास्त येतो ते विचारत, गावभर सांगत. गेल्या खेपेला फोन आला तेव्हा मी मन्नाएखेळ्ळीलाच होतो. बाहेर चांगला पाऊस होता. लेकाचा आवाज मलाही ऐकू येत होता. पंधरा दिवस झड आहे, झाडं मान टाकून आहेत, पण नाक लावलं तरी काही येत नाही, असं तो सांगत होता. अक्कांनी दारातून समोर पाहिलं. समोर मेंढरं कोंडायचं रिकामं वाडगं होतं, आणि आता उभ्या गावात लोकर देईल असं एक मेंढरू नव्हतं.

"सर्दी झाली असंल तुला," अक्का म्हणाल्या. "वाफ घे जरा, येईल."

फोन ठेवून त्या आत गेल्या, आणि चहा करते म्हणाल्या होत्या तरी बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.