पाण्याची वाटी

भूकंपाला बावीस दिवस झाले, तरी शिवणवाल्या काकू चपला घालूनच मशीनवर बसायच्या. जमिनीवर विश्वासच उरला नव्हता. शेजारणी चिडवायच्या, "काकू, मशीन घेऊन पळून जायचा बेत आहे की काय?" काकूही हसायच्या, पण तोंडदेखलं.

खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. त्या दिवशी घर हललं तेव्हा आतल्या खोलीत सासू होती, कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली. आणि काकूंनी मागचापुढचा विचार न करता रस्ता गाठला होता. एकट्यांनी. घर शाबूत राहिलं, म्हातारी वाचली, त्यावर चकार शब्द बोलली नाही. ते न बोलणंच काकूंना खात होतं.

तेव्हापासून देवापाशी त्यांचं एकच मागणं, "पुन्हा हललं तर माझे पाय बांधून ठेव." देवावर भरवसा होता, स्वतःच्या पायांवर काडीचा नव्हता.

धक्का आधी कळावा म्हणून त्यांनी मशीनच्या फळीवर पाण्याची वाटी ठेवली. झालं! पायडल मारलं की पाणी थरथरे, पाणी थरथरलं की काकूंचा पाय जागीच थांबे. पाय थांबला की पाणीही थांबे. दिवसातून दहादा हाच तमाशा. आपल्याच पायांना आपण भितो, म्हणून त्या स्वतःवर चरफडायच्या, पण वाटी काही हलवायच्या नाहीत.

त्या दुपारी उशीचे अभ्रे शिवताना पाणी हललं. "पुरे गं बाई," असं स्वतःलाच दटावून त्यांनी पाय उचलला. पाणी हलतच राहिलं. मग वाटीच खाली पडली.

काकू दाराशी पोचल्यासुद्धा. हात कडीवर होता. तेवढ्यात आतून सासूचा आवाज आला. ती मोठमोठ्यानं देवाला सांगत होती, "तिला जाऊ दे रे! मागच्या खेपेला ऐकलंस, तसंच ऐक. तिला आधी बाहेर काढ!"

काकूंचा हात कडीवरून सुटला. त्या धावत आत गेल्या आणि सासूच्या अंगावर पालथ्या पडल्या. छताचा गिलावा पाठीवर पडत राहिला. दोघींचे दात वाजत होते.

सगळं थांबल्यावर काकू हुंदके देत म्हणाल्या, "आई, मी आत्ताही दारापर्यंत गेले होते."

"कळलं मला," म्हातारी खेकसली. "मग परत कशाला आलीस? देवानं ऐकलं होतं, तूच मोडता घातलास!"

पण काकूंची बाही तिनं मुठीत गच्च धरली होती, आणि ती काही केल्या सोडत नव्हती.