डोहाच्या वतीने

रामजीआबांना मी पहिल्यांदा नीट पाहिले ते आमच्याच पडवीत, माझ्या सासूबाईंशी वाद घालताना. ग्रामपंचायतीवर बायकांनाही घ्यायचे असा कायदा नुकताच झाला होता, आणि गावात सही करता येणारी बाई म्हणजे महाडला मराठी सातवी झालेली मी एकटीच होते. आबा तेव्हा पंचायतीचे सभासद होते. खालच्या आळीतले शेतकरी, नदीकाठी त्यांची भाताची खाचरे. मला पंचायतीवर पाठवा, असे सांगायला ते आले होते.

"आमच्या घरची सून चावडीवर बसायची नाय," सासूबाई म्हणाल्या.

"चावडीवर कशाला? पंचायतीत बसंल."

"येकच ते."

"मंग तू चल, वयनी. सही येते काय तुला?"

"आता म्हातारपनी मी सह्या करू?"

"म्हनून सांगतो, सुनंला जाऊ दे. तिला वेळ झाला तर भात मी येऊन शिजवतो."

"तुझ्या हातचा भात कुत्रं बी खायचं नाय," असे म्हणून सासूबाई हसल्या, आणि मी सभासद झाले.

पहिल्या सभेला मी खोलीत जायला धजले नाही. बाहेर ओट्यावर दाराआड बसले. आत दोनचार माणसे खाकरली, पण 'आत या' असे कोणी म्हणेना. मग आबा उठले, आपली घोंगडी उचलून बाहेर आले आणि ओट्यावर पसरून बसले. "बाई भायेर बसनार तर सभा भायेर," एवढेच ते म्हणाले. एकेक करून सगळ्यांना बाहेर यावे लागले. वाऱ्याने कागद उडत होते आणि सरपंच कुरकुरत होते. पुढच्या सभेला माझी जागा आत ठेवलेली होती. आबांनी या गोष्टीचा पुढे कधी उल्लेखही केला नाही.

त्यांच्या साठाव्या वर्षानिमित्त आमची गावकी आणि गावाचे मुंबईतले मंडळ मिळून हा अंक काढत आहेत. सोबत काम केलेली म्हणून मी त्यांचे गुण लिहावेत, असे मला सांगण्यात आले आहे. ते मी लिहिणारच आहे. पण गेल्या मे महिन्यात आपल्या गावात जे झाले ते वगळून मला आबांविषयी लिहिता येत नाही. या अंकाचे बहुतेक वाचक त्या दिवशी तिथे होते. त्यांना वाचताना जड जाईल. मलाही लिहिताना जड जात आहे.

आधी त्यांच्या कामाविषयी. आमच्या नदीला गावाखाली एक मोठा डोह आहे. होळीनंतर नदी तुटते, तिचे नुसते दगड उरतात, आणि गावाला पाणी राहते ते त्या डोहाचे. डोहाच्या वरच्या उतारावर ऐन, किंजळ, जांभळाची झाडी आहे. ती गावाच्या मालकीची. कोळशाच्या भट्ट्या लावणारा एक ठेकेदार आला आणि म्हणाला, झाडी द्या, मी देवळावर मंगलोरी कौले चढवून देतो. सभेत सगळ्यांना ते पटले. मलाही त्यात काही गैर वाटले नाही.

"देऊळ गळतंय हे खरं हाय," आबा म्हणाले. "मंग शाकारू या."

"दर वर्साला कोन शाकारनार?" सरपंचांनी विचारले.

"मी."

झाडी वाचली, आणि ते खरोखर दर वैशाखात डोंगरावरून गवताचे भारे आणून देऊळ शाकारू लागले. गावाने त्यांना 'गवत्या सभासद' असे नाव ठेवले. ते पाठीमागे म्हणत, तोंडावरही म्हणत. भारा घेऊन ते वाटेने चालले की विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, "आला गो गवत्या." आबा भारा सावरत म्हणायचे, "देवाची गाय चाल्लीय, वाट सोडा."

पलीकडच्या वाडीने त्याच ठेकेदाराला आपली झाडी दिली. त्यांच्या देवळावर लाल कौले आली. पण दोनतीन वर्षांत त्यांचा झरा होळीच्या आधीच आटू लागला, आणि त्या वाडीच्या बायका हंडे घेऊन आमच्या डोहावर येऊ लागल्या. गावकी चिडली. त्यांनी झाडे घालवली, कौले मिरवली, आता पाणी आमचे का, असे जो तो म्हणू लागला. पाणी बंद करायचा ठराव जवळजवळ झालाच होता.

"झाडं बापयांनी दिली," आबा म्हणाले. "हंडे घेऊन बाया येतात. बापये येतील तेव्हा त्यांना हाकला."

त्या सभेत बाई मी एकटी होते. हे वाक्य मला सुचायला हवे होते, ते आबांना सुचले.

डोहावर तर त्यांचा जीवच होता. सावित्री नदीच्या काही डोहांवर देवीचे ठाणे असते, तिथल्या माशांना कोणी हात लावत नाही. आमच्या डोहावर देव नाही. "देवाचा असता तर देवानं राखला असता," आबा म्हणायचे. "हा नुसता पान्याचा हाय, म्हनून मानूस लागतो." त्यांनी पंचायतीत ठराव आणला की होळीपासून पावसापर्यंत डोहात जाळे टाकायचे नाही, मासे धरायला विषारी फळे ठेचून टाकायची नाहीत. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यात मासे मेले तर पाणी नासते, आणि तेच आपण पितो, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते. एका सभासदाने त्यांना बजावले, "आबा, अशानं पुढच्या टायमाला तुमची मतं जातील."

"डोहाला मत नाय," आबा म्हणाले. "म्हनून त्याच्या वतीनं मी बसलोय."

ठराव झाला, पण तो पाळला गेला तो आबांमुळे. त्यांची खाचरे डोहाला लागूनच. उन्हाळ्यात शेतात काही काम नसतानाही ते तिथे जाऊन बसायचे. हळूहळू डोहात हातभर लांबीचे खडस मासे दिसू लागले. मुंबईहून आलेली मुले काठावर बसून ते मोजायची.

आता गेल्या मे महिन्याचे.

मंडळाने आबांचा सत्कार ठरवला. मंडळाचा सेक्रेटरी शिवराम मुंबईत गिरणीत कामाला आहे. खालच्या आळीतलाच, आबांच्या शेजारचा, आबांवर त्याचा फार लोभ. सत्कार दुसऱ्या दिवशी सकाळी होता आणि आदल्या संध्याकाळी शिवरामच्या खळ्यात गावजेवण. त्या दुपारी नदीकडून एक मोठा बार ऐकू आला. कशेडी घाटात रस्त्याचे काम चालू असल्याने सुरुंगाच्या बारांची आम्हाला सवय झाली आहे. कोणी मान वर करून पाहिले नाही.

उन्हे उतरल्यावर खळ्यात माशांच्या टोपल्या आल्या. आम्ही बायका विळ्या घेऊन बसलो. एवढे मोठे खडस महाडच्या बाजारातही येत नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. कुठून आले, असे एकीनेही विचारले नाही. "आबांचं नशीब बाय," असे कोणीतरी म्हणाली, आणि मसाला वाटणे चालू राहिले.

आपल्याकडे गावाने मिळून शिकार केली की डोके मानाच्या माणसाच्या पानात जाते. शिवरामने सर्वांत मोठ्या खडसाचे डोके आबांना वाढले. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"कुठला रे हा?" आबांनी विचारले.

"आपल्या डोहातला. तुमच्या मानाला बाजारचा मासा वाढू काय? इतकी वर्सं तुम्ही राखलात, पयला हक्क तुमचा."

"कसा धरलात?"

शिवराम पुढच्या पानाकडे वळला. पंगतीत कोणीतरी हलक्या आवाजात सांगितले, की रस्त्यावरच्या एका ओळखीच्या माणसाकडून सुरुंगाची कांडी आणली होती.

"बारकी किती मेली?"

"ती जातील वाहून, आबा."

"मे महिन्यात? पानी वाहतंय कुठं?"

पंगत थांबली. मला वाटले, आबा आता पानावरून उठतील. ते उठले असते तर आम्हाला सोपे गेले असते. काहीतरी भांडण झाले असते, समजूत घालता आली असती. पण ते उठले नाहीत. त्यांनी ते डोके सावकाश, नीट, काटा न् काटा साफ करून खाल्ले. मग हात धुतले, आमच्याकडे येऊन "कालवन चांगलं झालंय गो," म्हणाले, आणि घरी गेले. रिकामी टोपली धुताना माझ्या हाताला खवले चिकटत होते आणि ते सुटता सुटत नव्हते.

सकाळी मंडप भरला. कर्ण्यावर गाणी लागली. पोलादपूरहून पंचायत समितीचे पाहुणे आले. आबांचा पत्ता नव्हता. शिवराम आणि मी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांच्या घरच्या काकी म्हणाल्या, उजाडताच डोहावर गेलेत.

ते छातीइतक्या पाण्यात उभे होते. डोहावर पांढरे पोट वर करून बोटाएवढे मासे पसरले होते, या काठापासून त्या काठापर्यंत. आबा टोपलीने ते गोळा करून काठावर ओतत होते.

"आबा, पावने आलेत," शिवराम म्हणाला. "मंडप भरलाय."

"भरू दे."

"शाल आनलीय. मुंबईहून."

"ती घेऊन पान्यात कसा येऊ? उद्या बाया हंडे घेऊन येतील. आपल्या बी, वाडीच्या बी. आज हे निघालं पायजे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादे काम राहिले आहे, एवढेच ते सांगत होते.

शिवरामने आपला टेरिलीनचा सदरा काढून दगडावर ठेवला आणि पाण्यात उतरला. मी गावात जाऊन बायकांना सांगितले. त्या रोवळ्या, सुपे, जे हाताला लागेल ते घेऊन आल्या. मागोमाग पुरुष आले. वाडीच्या बायकाही आल्या, आणि त्यांच्या नजरेला नजर देणे आम्हाला कठीण झाले. दुपारपर्यंत मंडपात कोणी उरले नाही. पाहुणेसुद्धा धोतर खोचून मासे पुरायला खड्डे खणत होते. कर्णा मात्र रिकाम्या मंडपात गात होता, शेवटी कोणीतरी जाऊन तो बंद केला.

सगळे मासे निघाले नाहीत. काही दिवस पाण्याला वास येत राहिला आणि आम्ही वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरले. सत्कार झाला नाही. पुढे दोनदा विषय निघाला, तेव्हा आबा म्हणाले, "झालं ना जेवन." म्हणून शालीऐवजी हा अंक.

पावसाच्या तोंडावर गावकी बसली. दर उन्हाळ्यात डोहावर राखण ठेवायची आणि घरटी एकेकाची पाळी लावायची, असे ठरले. शिवरामनेच ते मांडले, आणि पुढे म्हणाला, "आबांचं घर सोडून."

"का?" आबांनी विचारले.

"तुम्ही येकट्यानं राखलात इतकी वर्सं. आता आम्ही राखू."

"माझी बी पाळी लावा," आबा म्हणाले. "मी बी खाल्लाय."

आम्ही त्यांना आमच्यापेक्षा वरच्या जागी बसवून मोकळे व्हायला निघालो होतो, आणि ते मुकाट्याने येऊन आमच्या पंगतीत बसले. गौरव करायचा तो कशाचा, हे मला त्या बैठकीत समजले. आणि मान खाली गेली ती आजही पुरती वर आलेली नाही.

आबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. डोहात पुन्हा हातभर मासा दिसायला पुष्कळ पावसाळे जातील, असे ते म्हणतात. तितके पावसाळे आणि त्यापुढचेही कितीतरी त्यांना बघायला मिळोत. त्यांचे गुडघे, त्यांची नजर, त्यांचे हसणे शाबूत राहोत. या शुभेच्छेत आमचा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही. आमचा आमच्यावर अजून भरवसा नाही, म्हणून ते आम्हाला हवे आहेत. पण त्यांच्यासाठी म्हणून एकच मागणे मागते. त्यांच्या दीर्घ आयुष्यात एक उन्हाळा असा यावा, की पाळीच्या दिवशी आबा घरी गाढ झोपून राहतील, आणि डोहाला काही होणार नाही.