पुजलेलं पातं

कुठलीही पोकळ वस्तू हातात आली की मामा आधी तिला तोंड लावायचे. एका टोकाला ओठ, दुसऱ्या टोकासमोर माझा तळहात ओढून धरायचा आणि एक लांब फुंकर. "हट्टेकर, वारं लागलं का?" लागलं म्हटलं की मगच पुढचं काम. स्टोव्हचा बर्नर असो नाहीतर टर्बाइनचं महागडं पातं, मामांना सगळं सारखंच.

मी हट्ट्याचा, म्हणून हट्टेकर. मामा कुरुंद्याजवळच्या तांड्यावरचे. नातं काही नव्हतं, पण परगावी आपल्या बोलीचा माणूस भेटला की नातं लावावंच लागतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. पुण्यातल्या एका वर्कशॉपात आम्ही दोघं कंत्राटी कामगार, राहायला एकाच खोलीत. वीज तयार करणाऱ्या गॅस टर्बाइनची पाती तिथे दुरुस्तीला यायची. त्या टर्बाइनच्या आत असा जाळ असतो की पातं पाघळून जावं. म्हणून पात्याच्या पोटातून सुईएवढ्या वाटा ठेवलेल्या असतात, त्यांतून गार वारा खेळवतात. वारा अडला की पातं गेलंच.

मग एक नवं मशीन आलं. धातूची पिठासारखी पूड पसरायची, लेसरने हवी तेवढीच वितळवायची, वर पुन्हा पूड. थरावर थर चढत आतल्या वाटांसकट अख्खं पातं उभं राहायचं. बाकीचे आम्ही आ वासून बघत राहिलो. मामांना काही नवल वाटलं नाही. म्हणाले, "सारवल्यावानी तर हाय. एक थर बसला का दुसरा."

पातं तयार झालं की वाटांत अडकलेली पूड काढावी लागे. त्याला कॉम्प्रेसर होता. पण कॉम्प्रेसर मारून झाला की मामांची फुंकर ठरलेली. मी कावायचो, "अहो मामा, ती पूड छातीत जाईल!" ऐकतील तर मामा कसले!

साहेबांनी सांगितलं होतं, ज्याचं नमुन्याचं पातं जाळाच्या चाचणीत टिकेल त्याला या मशीनवर कायम करू. मामांना दुसरं काही सुचेना. त्यांची बायको दरसाल आपल्या भावासोबत ऊसतोडीला जायची. "मी परमनंट झालो ना, तर तिच्या हातातला कोयता खाली ठेवतो," हे वाक्य मी जेवताना, झोपताना इतकं ऐकलं की मलाच त्या कोयत्याचा भार वाटायला लागला.

मामांचं पातं झकास उतरलं. तपासणी झाली, वारा बराबर होता. चाचणी दसऱ्यानंतर ठेवली. मधे आली खंडेनवमी. वर्कशॉपात हत्यारांची पूजा झाली. मामांनी आपल्या पात्याला तांड्यावरून आलेली घरची हळद लावली, चांगली ओली करून, बोटाने दाबून दाबून.

चाचणीच्या सकाळी त्यांनी पातं फडक्याने लख्ख पुसलं. मी सवयीने तळहात पुढे केला. "फुंका."

मामा एकदम मागे सरले. "येडा झाला का? पुजलेल्या वस्तूला तोंड लावतेत व्हय? उष्टं व्हईल की!"

त्यांच्या साऱ्या जन्मात न फुंकलेली पोकळ वस्तू ती एवढीच असेल. भट्टीत पातं एका कडेने पाघळलं. साहेबांनी कापून पाहिलं तर वाटांत काळी खरपुडी. हे काय आहे, कोणालाच कळेना. मशीन बिघडलं की पूड खराब, असा वाद सुरू झाला. गप राहा म्हणून मी मामांच्या पायावर पाय दाबला. पण कसलं काय!

"हळद हाय साहेब ती. माज्या घरची."

महिनाअखेरीला कंत्राटदाराने त्यांना घरी पाठवलं. जाताना मामांनी ते जळकं पातं तेवढं मागून घेतलं. मी चिडून विचारलं, "काहून बोललात? गप बसला असता तर?"

"देवाच्या नावानं केलं, अन् खोटं बोलू?"

पुढे कुरुंद्याच्या रस्त्याला ते ट्रॉल्यांना वेल्डिंग करायचे. बायको ऊसतोडीला जातच राहिली. शेवटी भेटलो तेव्हा मामा खाटेवर होते, दोन शब्द बोलले की धाप. देव्हाऱ्यातलं ते पातं त्यांनी मला आणायला लावलं. "फुंक बरं," म्हणाले.

"मामा, पुजलेलं आहे."

"व्हऊ दे उष्टं."

त्यांनी तळहात समोर धरला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत मी फुंकत होतो. वाटा केव्हाच्या वितळून बुजल्या होत्या. "लागलं का?" मी विचारलं.

"न्हाई."

मामा गेले तेव्हा बायको उसाच्या फडावर होती. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी भेटायला गेलो, तर देव्हाऱ्यात पात्याला ताजी हळद लावलेली होती. ती दारात बसून कोयत्याला धार लावत होती.

"सोमवारी गाडी निघती," म्हणाली. "बसा, च्या टाकते."