तिसऱ्या दिवसाचं दूध

कंपनीत आमचे मोबाईल शिफ्ट सुरू होतानाच लॉकरमध्ये जातात. त्यामुळे सकाळी साडेदहाला सुपरवायझर स्वतः लाईनवर चालत आले आणि "घरून फोन आहे, ऑफिसात चला" म्हणाले, तेव्हा मी हातातलं काम तसंच टाकून निघाले. फोनवर माझा नवरा संदीप होता. "आई वरवंडला मामाकडं..." एवढंच बोलला. बाकीचं नंतर मामांकडून कळलं. अंगणात मेथी निवडता निवडता माझ्या सासूबाईंना, आत्यांना, दरदरून घाम फुटला. छातीत दुखतंय का विचारलं तर न्हाई म्हणाल्या, नुसता जीव घाबरतोय म्हणाल्या. दौंडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जुन्या मधुमेहात कधी कधी छातीतली कळसुद्धा जाणवत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. विमलबाई त्यांचं नाव. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला.

तळेगाव ढमढेऱ्याच्या घरी भेटायला आलेल्या बायका म्हणतात, "सुनेला लेकीवाणी वागवलं." खरं आहे, पण ते नंतरचं. ज्या दिवशी मला मुलगी झाली, त्या दिवशी आत्यांनी ती माझ्यापासून लांब धरून ठेवली होती आणि मी खाटेवर पडून त्यांच्यावर ओरडत होते. ते सांगितल्याशिवाय आत्या कोण होत्या हे कळायचं नाही.

सहाव्या महिन्यात साखरेचं पाणी प्यायला देऊन माझं रक्त तपासलं, आणि गरोदरपणातली साखर निघाली. घरात पंचवीस वर्षं मधुमेहाच्या गोळ्या खाणारी बाई, तिला याचं काय नवल वाटणार, असं मला वाटलं होतं. पण आत्यांनी रिपोर्ट हातात घेतला आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. "तुझ्या बी अंगात आली व्हय ती..." एवढंच बोलल्या. त्यानंतरचे तीन महिने त्या माझं जेवण डोळ्यांत तेल घालून बघायच्या, इन्सुलिनची वेळ कधी चुकू दिली नाही, पण बाळाबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. बाळाचे कपडे शिवायला घेऊ म्हटलं तर उठून जायच्या. मला राग यायचा. पहिलं नातवंड येतंय, आणि यांचं तोंड असं का?

शिरूरच्या दवाखान्यात माझं सिझर झालं. मुलगी चांगली पावणेचार किलोची. अशा बाळांची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते, म्हणून सिस्टरनी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तपासलं. कमी भरली. "लगेच अंगावर घ्या," त्या म्हणाल्या, "थोड्या वेळानं परत बघू. नाही चढली तर वर काचेत ठेवावं लागेल, सलाईन लावावं लागेल." मी हात पुढे केले. बाळ आत्यांच्या मांडीवर होतं. त्या उठल्या आणि भिंतीकडे सरकल्या.

"नगं. तिचं दूध नगं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. सिस्टर म्हणाल्या, "आजी, द्या बाळ." आत्यांनी बाळाला पदराखाली घेतलं. "हिच्या दुधात साखर उतरती. पोरगी मरंल. डब्याचं आणा, शेळीचं आणा, कायबी आणा, पण हिचं नगं." संदीप औषधं आणायला खाली गेला होता. कमरेखालचं माझं अंग बधिर होतं, मला उठता येत नव्हतं. मी ओरडले, "आत्या, माझं लेकरू द्या!" बाळ रडतही नव्हतं, नुसतं मलूल पडलं होतं, आणि ते न रडणंच मला सहन होत नव्हतं. सिस्टर धावत जाऊन डॉक्टरबाईंना घेऊन आल्या.

डॉक्टरबाईंनी बाळ ओढून घेतलं नाही. आत्यांच्या शेजारी उभं राहून हळू आवाजात विचारलं, "आजी, आधी कुणाचं काही झालंय का?"

आणि मग जे आत्यांनी आपल्या मुलालाही कधी सांगितलं नव्हतं, ते त्या खोलीत सांगितलं. संदीपच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. वरवंडला, माहेरी. त्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या. मुलगी मोठी, गुटगुटीत, सगळ्या गावानं बघायला यावं अशी. दुसऱ्या दिवशी तिला झटके आले आणि गेली. पुढं संदीपच्या वेळी दवाखान्यात आत्यांच्या अंगात साखर निघाली, तेव्हा त्यांनी मनाशी हिशोब मांडला की पहिलीलाही माझंच दूध भोवलं. संदीपला त्यांनी एकदाही अंगावर घेतलं नाही. तो शेळीच्या दुधावर वाढला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "त्या मुलीला तुम्ही पाजलं होतं का?"

"न्हाई. तवा पैला चीक पिळून टाकायचे. मध-पाण्याचं बोट चाटवायचं, आन् तिसऱ्या दिसाला पदराखाली घ्यायचं."

"आणि ती दुसऱ्या दिवशी गेली."

"व्हय."

आत्या डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या. दूध भोवलं म्हणणाऱ्या आत्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं असावं की त्या लेकीच्या पोटात त्यांच्या दुधाचा थेंबही गेला नव्हता... मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, इतक्या वर्षांमागचं मी नक्की सांगू शकत नाही. पण साखरवाल्या आईचं दूध बाळाला बाधत नाही. या बाळाला आत्ता त्या चिकाचीच गरज आहे." आत्या दोन पावलं चालत आल्या आणि माझ्या छातीवर लेकरू ठेवलं. सिस्टरनी खालून आधार दिला. बाळ हळूहळू ओढायला लागलं. थोड्या वेळानं परत टाच टोचली. साखर चढली होती. आत्या बाहेर गेल्या, आणि जिन्यात बसून त्यांनी जो हंबरडा फोडला तो मला आत ऐकू आला.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला बजावलं, की गरोदरपणात साखर आलेल्या बाईला पुढं कायमचा मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. अंगावर पाजणाऱ्या आयांमध्ये तो कमी आढळतो, जास्त महिने पाजलं तर आणखी बरं. हमी नाही, दरवर्षी रक्त तपासायचंच. आत्यांनी मध्येच विचारलं, "म्हंजी मी संदीपला पाजलं असतं तर माझी साखर..." डॉक्टरबाई म्हणाल्या, "कदाचित उशिरा आली असती, कदाचित तरीही आली असती. तो दोष तुमचा नाही, आजी." आत्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटलं नव्हतं.

मी रांजणगावला कंत्राटावर होते. तीन महिन्यांत कामावर या, नाहीतर दुसरी बाई घेतो, असा निरोप आला. मी डब्याच्या दुधाचं बोलले तशा आत्या म्हणाल्या, "तू कामाला जा. मी पोरगी आणते." मला वाटलं, बोलायची गोष्ट. पण दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या गेटवर हजर. तळेगावहून जीपनं शिक्रापूर, तिथून एसटीनं रांजणगाव, कडेवर माझी लेक, अन्वी. गेटवरचा बिहारी वॉचमन म्हणाला, "अम्मा, यहाँ रुकना मना है." आत्यांनी मराठीतच विचारलं, "तुला लहानपणी कुणी पाजलं व्हतं का न्हाई?" त्याला किती कळलं कोण जाणे. त्यानं केबिन उघडून दिली आणि आमच्याकडे पाठ करून दारात उभा राहिला. अर्ध्या तासात मी पाजायचं, उरलं तर चार घास खायचे, आणि आत्या माघारी.

चौथ्या महिन्यात एक दिवस गेटवर गर्दी दिसली. मी पळत गेले. आत्या जमिनीवर पडलेल्या, घामानं भिजलेल्या, आणि अन्वी वॉचमनच्या हातात. जीप चुकेल म्हणून त्यांनी गोळी घेऊन भाकरी न खाताच घर सोडलं होतं. साखर पार उतरली होती. वॉचमननं गोड चहा पाजल्यावर त्यांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य, "मी आधी पोरीला खाली ठेवलं, मग पडले." मी चिडून रडत म्हणाले, "आत्या, बास झालं. उद्यापासून यायचं न्हाई." त्यांनी माझं मनगट धरलं. "तू पाजायचं सोडलंस, तर मी गोळ्या सोडीन. लेकरू शेळीच्या दुधावर बी वाढतंय, मला ठावं हाय. पर तुझं काय? माझ्यावाणी मुतायला दहा येरझाऱ्या, पायाला मुंग्या, डोळ्याला धुकं... हे तुला पायजे का?" तोवर मी समजत होते की त्या अन्वीसाठी येतात.

मग मी सकाळी त्यांची भाकरी झाल्याशिवाय घर सोडलं नाही, आणि त्या अन्वी वर्षाची होईपर्यंत येत राहिल्या. त्यांच्या शरीरानं मात्र दया दाखवली नाही. डोळा गेला, मग मूत्रपिंडं थकली.

अन्वी साडेचार वर्षांची झाली. मागच्या आठवड्यात मी रक्त तपासून आले. साखर हद्दीत आहे, पण गेल्या वर्षीपेक्षा थोडी वर. डॉक्टरबाई म्हणाल्या, चालणं वाढव, सहा महिन्यांनी परत ये. मी हसून हो म्हणाले आणि बाहेर येऊन बराच वेळ बाकावर बसून राहिले.

परवा आत्यांची तिथं राहिलेली पिशवी आणायला अन्वीला घेऊन वरवंडला गेले. हायवेवर आत्यांचे भाऊ, दत्तामामा, घ्यायला आले होते. गावातून न जाता त्यांनी बांधाची वाट धरली. मध्येच थांबून बाभळीखालची जागा दाखवली. "विमलची पैली पोरगी हितं पुरलीया. विमल तेहतीस-चौतीस वर्सं ह्या वाटंनं आली न्हाई, गावाला वळसा घालून यायची. ह्या अन्वीला घिऊन पैल्यांदा आली, तवा मला म्हणली, दादा, बांधावरनं चल. मग दर खेपेला. ह्यो दगड बी तिनंच आणून ठेवला, बसायला."

चपटा दगड होता, एका माणसापुरता. मला त्यावर बसवेना. मी उभीच राहिले. अन्वी दमली होती, ती जाऊन बसली.