वाळलेल्या झाडांची यादी

त्या वर्षी वळसंगकडच्या वनीकरणाचं काम मी नको म्हटलं असतं, तरी कुणी काही बोललं नसतं. पाचव्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं होतं आणि डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली होती. पण दिवसभर घरात पडून सासूबाईंची दबकी पावलं ऐकण्यापेक्षा ड्रोन उडवणं सोपं वाटलं. पंधराव्या दिवशी मी बॅग भरली. नवरा एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. कामावर जाताना त्यानं मला अक्कलकोट रोडला सोडलं.

"जमेल ना?"

"जमेल."

पुढे वनरक्षक मोटारसायकल घेऊन थांबले होते. ड्रोनची पेटी मांडीवर घेऊन मी मागे बसले.

तिथल्या माळावर वनखात्यानं दहा-बारा वर्षांपूर्वी झाडं लावली होती. बहुतेक कडुनिंब, मधे मधे शिरीष आणि करंज. अलीकडे कडुनिंबाचे शेंडे वाळायचा रोग आला होता. खालून बघितलं तर झाड हिरवंच दिसतं, वाळलेला शेंडा वरूनच कळतो. म्हणून आमच्या कंपनीला दरवर्षी हे काम मिळायचं. ड्रोननं फोटो काढायचे, ते जोडून पूर्ण माळाचा एक नकाशा करायचा आणि त्यावर वाळलेल्या झाडांना एकेक करून लाल ठिपका द्यायचा. ती यादी वनखात्याकडे जायची. रोगट फांद्या छाटायच्या आणि पार मेलेली झाडं तोडायची, असं ठरलेलं होतं.

ड्रोन वर असताना मजुरांची मुकादम मावशी माझ्याशेजारी येऊन बसली. रोपं होती तेव्हापासून तिनं ही झाडं सांभाळलेली. तिनं माझ्याकडे जरा बघितलं.

"ताई, अंगात बरं न्हाय व्हय?"

"बरी आहे."

तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. मी खाल्ली. चटणी तिखट असणार, पण मला काही कळलं नाही.

पुढचे तीन दिवस मी ऑफिसात बसून ठिपके देत होते. तपकिरी दिसलं की ठिपका, करडं दिसलं की ठिपका. शिरीष हिवाळ्याच्या अखेरीस सगळी पानं गाळतो आणि अंगावर नुसत्या पांढुरक्या शेंगा उरतात, हे मला माहीत होतं. आदल्या वर्षी नव्या मुलींना मीच ते शिकवलं होतं. तरी हात चालत राहिला. डोळ्यांना शेंगा दिसत होत्या, पण त्यांचा काही अर्थ लागत नव्हता. यादी पूर्ण झाली, पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी वनरक्षकांचा फोन आला. "मॅडम, एकदा येऊन जा. मजूर तोडायला लागलेत आणि मावशी एका झाडापासून हलायला तयार नाहीत."

मी गेले. मावशी कोयता मांडीवर घेऊन एका शिरीषाच्या बुंध्याशी बसली होती. आजूबाजूला सात शिरीष पडले होते. मी एका बुंध्याला हात लावला. कापलेली जागा ओली होती.

"ही मेली हुती व्हय?" मावशीनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

वनरक्षक म्हणाले, "फोटोत तसं दिसलं असेल. सॉफ्टवेअर चुकलं असं लिहू या आपण."

"सॉफ्टवेअरनं नाही," मी म्हणाले. "ठिपके मी दिलेत."

ते बाजूला जाऊन मजुरांना थांबायला सांगू लागले. मावशी माझ्याकडेच बघत होती.

"तुमाला शिरीष ठाऊक हाय की."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मागच्या वेळी आले ना, त्याच्या पंधरा दिवस आधी माझं बाळ गेलं होतं. पोटातच. पाचवा महिना होता."

हे मी तोवर कुणालाच तोंडानं सांगितलं नव्हतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सांगायची वेळच आली नव्हती. आता रडू येईल असं वाटलं आणि मी थांबून राहिले. आलं नाही. समोर मजुरांच्या पाण्याच्या कळशीवर एक भुंगा बसला होता, तो मी बघत होते.

मावशी कोयता टेकवून उठली. "चला. यादी काडा. हितनं सुरू करू."

दोन दिवस आम्ही यादीतल्या एकेका झाडापाशी जात राहिलो. ती कोयत्याच्या टोकानं साल जराशी खरवडायची आणि "जितं हाय" किंवा "गेलं" एवढंच म्हणायची. मी खूण करायचे किंवा यादीतली नोंद खोडायचे. कडुनिंब खरंच बरेच गेले होते. दुपारी आम्ही सावली बघून बसायचो. तिनं मला काही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी निघताना म्हणाली, "घरी कुनी डोस्कं चोळून देतं का?" मी नाही म्हणाले. "सासूला सांगा की. लाजू नका."

मी सासूबाईंना सांगितलं नाही.

चूक माझी आहे असं मी लिहून दिलं. कंपनीनं समज देणारं पत्र दिलं आणि पुढचे काही महिने मला फक्त फोटो जोडायचं काम ठेवलं. उन्हाळ्यात वनरक्षकांनी फोनवर एक फोटो पाठवला. उरलेले शिरीष पालवले होते. तोडलेल्या सातांपैकी तीन बुंध्यांना फुटवे आले होते, पण ते शेळ्यांनी खाल्ले, असं त्यांनी खाली लिहिलं होतं.

त्याआधी, कंपनीचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी ते नवऱ्याला दिलं आणि सगळं सांगितलं. मावशीला काय बोलले, तेही. त्यानं पत्र घडी करून टीव्हीवर ठेवलं.

"मी कारखान्यात अजून कुणाला सांगितलं नाही," तो म्हणाला. "तुला टायफॉइड झाला होता, असं सांगितलंय."

"बरं."

"आता कसं सांगायचं तेही कळत नाही."

खाली नळाला पाणी आल्याची हाक ऐकू आली. चार दिवसांनी आलं होतं. तो उठून पाइप लावायला गेला आणि मी पिंप घासायला घेतलं.