उन्हात धरलेला रंग

बेंबळी गावात माझे ब्लाउज शिवणाऱ्या मावशी दुकानातल्या उजेडात कापड कधीच बघत नाहीत. मला कितीही घाई असो, त्या आधी दाराबाहेर जातात, कापड उन्हात धरतात आणि मगच दोरा निवडतात. "रंग उन्हातच खरा कळतो गं," म्हणतात.

परवा त्यांना मोबाइलवर एका फॅशन शोचे फोटो दाखवले. गोधडीच्या ठिगळांवरून सुचलेले झगे होते. मावशींनी एका झग्यावर बोट ठेवलं.

"ह्यो पिवळा बघ, करडईच्या फुलाचा. असलं एक तरी माझ्या हातून व्हावं बघ," म्हणाल्या आणि सवयीनं मोबाइल घेऊन उन्हात गेल्या.

उन्हात झगे दिसेनासे झाले. मावशींनी मोबाइलची काच पदरानं पुसली. तिच्यात त्यांचाच चेहरा होता.

"मावशी, सावलीत या, दिसेल."

"थांब की जरा," म्हणत त्या काचेतल्या आपल्याच चेहऱ्याकडे बघत तशाच उन्हात उभ्या राहिल्या.