दिवाळ्याची उघाडी

राजेश्वरी नकाशे करते, हे नंदिनी सगळ्यांना सांगायची. सांगताना तिच्या पोटात दुखायचं.

दोघी कोपरखैरण्यात एकाच सोसायटीत वाढल्या. राजेश्वरीचे वडील साताऱ्याकडचे, वाशीच्या बाजारात माथाडी. नंदिनीच्या घरी पुस्तकांची कपाटं. मराठीत पहिला वर्ग नंदिनीला मिळाला आणि नोकरी राजेश्वरीला. बेलापूरच्या एका ऑफिसात ती कॉम्प्युटरवर पुराचं पाणी कुठवर चढेल ते रंगवायची. पावण्याच्या कारखान्यांतून वायू सुटला तर वारा तो कुठल्या वस्तीवर नेईल, तेही. नंदिनीची आईसुद्धा म्हणायची, "राजूला विचार ना, आपल्या बिल्डिंगला धोका नाही ना?" नंदिनीला कुणी काहीच विचारत नसे.

म्हणून दिवाळे गावाचा नकाशा तपासायला आला तेव्हा ती हरखली.

"शुद्धलेखन तुझ्याइतकं कुणाला येतंय? बघून थेट ऑफिसात दे," राजेश्वरी म्हणाली. "मी पावण्याला चाललेय."

नंदिनीनं लाल पेन काढलं. खाडीच्या बांधावर 'उघाडी' असं लिहिलं होतं. हिला साधं 'उघडी' लिहिता येत नाही! तिनं शब्द खोडला आणि ऐटीत लिहिलं, 'उघडी जागा'. ऑफिसातल्या ऑपरेटरनं ते वाचून तिथं हिरवा ठिपका दिला. हिरवा म्हणजे पुरात जमायची जागा.

गावच्या सभेला राजेश्वरीनं तिलाही नेलं. नकाशा भिंतीवर लागला. मासळी विकून आलेल्या चांगुणाबाई जवळ जाऊन बघू लागल्या.

"आगो राजू, पानी वर आलं का आमी हितं जमाचं? ही तं उघाडी हाय! भरतीचं पानी अडवाचं दार! पयलं आमीच वाहून जाऊ!"

बायका खो खो हसल्या. मागं एक म्हातारे मात्र उठले. "असल्या नकाशावर पोरंबालं घेऊन पलाचं?" त्यांच्यामागून आणखी काही जण दाराकडे वळले.

राजेश्वरीनं एकदा नंदिनीकडे पाहिलं. मग हात जोडले. "थांबा काका. चूक माझी. हा नकाशा मी उतरवते. नवा करून तुमच्याकडनंच तपासून घेईन."

म्हातारे थांबले. परत येऊन बसले.

"गुनाची माजी पोर," म्हणत चांगुणाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला.

नंदिनी थक्क झाली. चूक आपली, आणि लाडही हिचेच? तिला राहवेना.

"चूक माझी आहे!" ती ओरडलीच. "तो शब्द मी खोडला!"

चांगुणाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू कोन गो?"